लेक मराठी घडाघडा वाचते, पण अर्थ लागत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लेक सात वर्षांची, दुसरीत, शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच बोलतो, निदान आमचा तसा समज आहे. राहायला सिंहगड रस्त्याला, आम्ही दोघंही नोकरीवाले, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ती आजीकडे.

वाचायला ती झकास वाचते. जोडाक्षरं बसच्या पाट्या वाचून वाचून आली, हे आमचं एकमेव यश. 'पर्वती'चा रफार, 'स्वारगेट'चा स्वा, 'डेक्कन'चा क्क. 'वडगाव बुद्रुक' आणि 'हिंगणे खुर्द' वाचल्यावर तिनेच विचारलं, हा बुद्रुक कोण आणि खुर्द कोण? बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही फारसीतून आलेत, हे सांगितल्यापासून धाकट्या चुलतभावाला ती खुर्द म्हणते. म्हणजे शब्द राहत नाहीत असंही नाही.

परवा रात्री मात्र गंमत झाली. गोष्टीत वाक्य होतं, मांजर हौदाच्या काठावर बसलं. न अडखळता वाचलं, पूर्णविरामाला थांबलीसुद्धा. मी सहज विचारलं, हौद म्हणजे काय गं? "हाऊस!" बरं, आणि काठ? "आजीच्या साडीला असतो ना, तो." म्हणजे तिच्या डोळ्यांपुढे मांजर कुठल्यातरी घराच्या साडीवर बसलं होतं. आधी हसलो, मग हसू आटलं.

त्यानंतर मुद्दाम लक्ष ठेवलं. फडताळ, मोट, गव्हाण येत नाही याचं काही वाटत नाही. वस्तूच घरात नाही तर शब्द कुठून येणार? पण हिरमुसणं, डोकावणं, चाहूल लागणं, हेही नाही. हे तर रोजच्या बोलण्यातले शब्द. की आपणच ते बोलत नाही? एका संध्याकाळी मी तिच्याशी काय काय बोललो ते आठवून पाहिलं. आवर, चल, जेव, दात घास, टीव्ही बंद कर. यात चाहूल कुठून लागणार?

फ्रिजवर रोज पाच शब्दांच्या चिठ्ठ्या लावून झाल्या. चार दिवस उत्साह, पाचव्या दिवशी चिठ्ठ्यांच्या होड्या. आजी म्हणते, पाठांतर घ्या. बायको म्हणते, तू मध्येच अर्थ विचारतोस आणि गोष्टीची मजा घालवतोस. तिचं खरं आहे, दर ओळीला थांबलो की लेक पुस्तक मिटते. न थांबावं, तर मांजर साडीवर.

'किशोर'चे अंक आणले. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पण दुसरीच्या मुलीला जरा जड जातं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर चार पायऱ्यांची मराठी पुस्तकं आहेत. पहिल्या दोन पायऱ्या ती चुटकीसरशी संपवते, तिसरीला अडते.

तर, शब्द अडला की तिथेच सांगायचा की गोष्ट पुढे रेटायची? हौद म्हणजे टँक असं इंग्रजीतून सांगितलेलं चालतं का? ('इंग्रजी माध्यमात घातलंत ना, मग भोगा' हा प्रतिसाद येणारच आहे, तो पोचला असं समजावं.)

प्रतिसाद १

पहिली-दुसरीला बरीच वर्षं शिकवलंय, म्हणून लिहिते. आधी एक करा. तसंच एखादं नवं पान तुम्ही तिला वाचून दाखवा. ऐकूनही कळलं नाही, तर अडचण शब्दांची आहे. ऐकून कळतं पण स्वतः वाचून नाही, तर तिचं सगळं बळ अजून अक्षरं जुळवण्यातच जातंय. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे गुणाकारात मांडलं: अक्षरं सोडवणं गुणिले ऐकून समजणं. एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य.

दुसरं, त्या 'हौदाच्या'कडे बघा. आपल्याकडे पुस्तकात शब्द पुष्कळदा मूळ रूपात भेटतच नाही. देऊळ माहीत असलेलं मूल 'देवळात'ला अडतं. विहीर-विहिरीत, माणूस-माणसाने, तसंच. मी वर्गात खेळ घ्यायचे, मी म्हणायचं 'देवळात', मुलांनी म्हणायचं 'देऊळ'. जिना चढता-उतरता होतो हा खेळ.

गोष्टीत शब्द अडला तर एका वाक्यात अर्थ सांगा आणि पुढे चला. परीक्षा नको. मग त्या आठवड्यात तोच शब्द तुमच्या बोलण्यात चार-पाचदा येऊ द्या, आणि तेच पुस्तक पुन्हा वाचा, मुलांना कंटाळा येत नाही, आपल्याला येतो. इंग्रजी शब्द सांगायला हरकत काहीच नाही. फक्त तिच्या ओळखीचा टँक गच्चीवरचा, काळा, झाकणाचा असणार, त्यावर मांजर बसलं तर गोष्टच बदलली. तेव्हा चित्र काढून दाखवा.

प्रतिसाद २

फडके हौद चौकात घेऊन जा की! नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ बांधून शहरात पाणी आणलं, ते ठिकठिकाणच्या हौदांत पडायचं. हे सगळं तिला तिथे उभं राहून सांगा. आणि पोरीला नावं ठेवू नका, रोज त्या चौकातून जाणाऱ्यांना हौद म्हणजे काय विचारून बघा एकदा.

तिथून मंडईत न्या. चाकवत, अंबाडी, चुका. जुडी, वाटा, कोवळं, जून. ही भाषा ॲपवरून भाजी मागवून येत नाही.

धागाकर्ता

बाई, मनापासून आभार. वाचून दाखवलं. ऐकूनही कळलं नाही, म्हणजे शब्दच कमी पडतायत. निदान कुठे बघायचं ते कळलं. जिन्यातला खेळ सुरू झालाय, चौथ्या मजल्यापर्यंत आठ-दहा शब्द होतात. काल मी 'जेवणात' म्हटलं तर उत्तर आलं 'जेऊण'! चुकलं, पण देवळातून आलंय हे कळल्यावर मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले.

रविवारी फडके हौद आणि मंडई नक्की. गाडी कुठे लावायची तेवढं कोणीतरी सांगा.