एकच बाजू कायम उजेडात असलेला ग्रह: वनस्पतींचा आराखडा कुठे चुकतोय?

पारंबी
खेळासाठी काल्पनिक ग्रह रचतेय. तारा लाल बटू (लहान, मंद, लालसर तारा), ग्रहाची एकच बाजू कायम त्याच्याकडे. आकार पृथ्वीएवढा, गुरुत्व पृथ्वीच्या ०.८ पट, कक्षा गोल, अक्ष सरळ.

मध्यावर, जिथे तारा डोक्यावर, तिथे वाळवंट आणि रात्री पर्णरंध्रं (पानाखोडावरची हवा आत-बाहेर करणारी सूक्ष्म छिद्रं) उघडणारे निवडुंग. मधल्या पट्ट्यात हिरवं अरण्य. कडेला, तारा क्षितिजाजवळ असतो तिथे, उंच झाडांची दाट राई. बी वाऱ्याने अंधाराकडे पसरतं. यात न पटणारं काय आहे?

पर्णरंध्र
निवडुंग आधी काढा. रात्रच नाही, तर रंध्रं उघडणार कधी? गार हवेत पाणी कमी उडतं म्हणून ती युक्ती चालते: रात्री कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा, दिवसा दारं लावून वापरायचा. तुमच्या मध्यावर गारवा कधी येतच नाही. त्यापेक्षा निलगिरीसारखी उभी लोंबती पानं द्या. तारा हलत नाही, त्यामुळे ऊन फक्त पानाच्या कडेवर पडेल. किंवा पार सुकून जाणारी आणि पाऊस पडला की पुन्हा हिरवी होणारी झुडपं. पृथ्वीवर क्रॅटरोस्टिग्मा ही छोटी वनस्पती हे करते, पेशी सुकताना साखरेचा थर आतली पटलं (पातळ आवरणं) सांभाळतो.

मुळात तिथे वाळवंटच का? सर्वात तापलेली हवा वर चढते, तिथे ढग जमतात. मध्यावर समुद्र असेल तर धो धो पाऊस. कोरडं हवं असेल तर मध्यावर मोठा भूखंड ठेवा आणि समुद्र लांब.

मोजपट्टी
माझा आक्षेप राईला. मध्यापासून जितके अंश दूर, तितके ९० मधून वजा करा, ती ताऱ्याची उंची. ८० अंशांवर तारा फक्त १० अंश वर, २० मीटर झाडाची सावली ११३ मीटर. आणि ती सरकत नाही! त्या सावलीत रुजलेल्या रोपाला थेट ऊन जन्मभर मिळणार नाही. म्हणून झाडं उजेडाला आडवी, एका रांगेत. पुढची रांग शंभरेक मीटर मागे किंवा ताऱ्याकडे तोंड असलेल्या उतारावर. झाडाचा आकार सपाट पंख्यासारखा, पानं जवळजवळ उभी, पाठ बोडकी. मधल्या कायमच्या सावलीत शेवाळं आणि विखुरलेल्या उजेडावर भागवणारी खुरटी रोपं. नकाशावर हे पट्टे फार छान दिसतील.

पारंबी
मग बी कुठे जाईल? आणि रंग?

वावटळ
जमिनीलगतचा वारा अंधाऱ्या बाजूकडून उजेडाकडे वाहतो. कडेचं बी उडालं तर उकाड्याकडे जाईल, उलट नाही. बाहेर पसरायचं तर धुळीइतके बारीक बीजाणू हवेत: मध्यावर वर चढायचे, उंचावरच्या परतीच्या प्रवाहाने कडेला यायचे. नाहीतर जमिनीवर सरपटणारे धुमारे, वाऱ्याच्या विरुद्ध इंच इंच.

रंगाचं म्हणाल तर लाल बटूचा बराचसा प्रकाश अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा), दृश्य भाग तोकडा. मिळेल तो सगळा शोषणारं पान काळपट दिसेल. पृथ्वीवरही हरितद्रव्य एफ (हरितद्रव्याचा एक प्रकार) असलेले सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू, साधारण ७५० नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे दृश्य लालच्या पलीकडचाही प्रकाश वापरतात. हिरवंच हवं असेल तर कारण द्यावं लागेल.

मोजपट्टी
अजून एक. गोल कक्षा आणि सरळ अक्ष म्हणजे ऋतूच नाहीत, फुलोऱ्याला इशारा कोण देणार? कक्षेची विकेंद्रता (वर्तुळापासून ती किती लांबट आहे त्याचं माप) ०.०५ करा. तारा दोन्हीकडे सुमारे ५.७ अंश झुलेल, आणि उजेड-अंधाराच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना साधारण ६३० किलोमीटर पट्ट्यात दर फेरीला एकदा उगवेल-मावळेल.

पर्णरंध्र
पण तिथे निवडुंग नेऊ नका, अडचण पाण्याची नाही, गोठण्याची आहे. माउंट केनियावरच्या डेंड्रोसेनेसिओ या झाडासारखे रात्री मिटणारे पानांचे गुच्छ ठेवा. मधला कोंब आत झाकला जातो.

उंच झाडं मधल्या पट्ट्यात न्या. पाण्याचा १०० मीटर स्तंभ पेलायला पृथ्वीवर सुमारे १० वातावरणांचा (समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या १० पट) ताण लागतो, ०.८ गुरुत्वात तेवढ्याच ताणात १२५ मीटर. त्यापुढे जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे होऊन शेंडा वाळण्याचा धोका वाढत जातो.