मदत हवी आहे: तोडलेल्या बोरीच्या बिया उगवत नाहीत (मेहरूणची बोर, जळगाव)

गच्चीवाली_जळगाव | ९ एप्रिल

नमस्कार मंडळी. एरंडोलकडे माझ्या माहेरी खळ्यात एक बोर होती. आजोबांनी मेहरूणहून आणली होती असं आई सांगते. फेब्रुवारीत चुलतभावाने ट्रॅक्टरला वाट हवी म्हणून तोडली. त्यावरून जे व्हायचं ते होऊन गेलं, ते इथे उगाळत नाही.

झाड जाणार हे संक्रांतीलाच कानावर आलं होतं. म्हणून भाच्याच्या बोरन्हाणात पोरांनी खाऊन थुंकलेल्या बिया मी अंगणभर फिरून वेचल्या (हसू नका). साठेक होत्या. वीस बिया ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवल्या, मोबाईलवर सगळे दाखवतात तसं. आठव्या दिवशी पांढरी बुरशी आणि आंबूस वास. पंधरा बिया गच्चीवर कुंडीत लावल्या, आज पाच आठवडे झाले, कोंबाचा पत्ता नाही. रोज पाणी घालते. गच्चीवर सध्या त्रेचाळीसच्या वर तापमान असतं, आणि पाणी अर्ध्या तासात कुठे जातं देव जाणे.

पंचवीस बिया उरल्यात. आता प्रयोग करायची हिंमत नाही, म्हणून विचारते: बोराची बी घरी उगवते का? आणि उगवली तर तीच बोरं येतील ना?

जाता जाता आणखी एक. गेल्या उन्हाळ्यातल्या दोन कोयाही जपून ठेवल्यात, गावरान आंब्याच्या. त्या आता लावू का?

बांधावरचा | ९ एप्रिल

ताई, सोपं शे, घाबरू नका. (पुढचं प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर पुण्याची मंडळी धागा सोडून पळतील.)

तुम्ही बी म्हणून लावताय ते बी नव्हे, बीचं घर आहे. वरचं लाकडासारखं कवच फोडलं की आत एक किंवा दोन चपट्या, तपकिरी, चकचकीत बिया निघतात. कवचासकट लावली तर तीन-चार आठवडे सहज लागतात, अनेकदा त्याहून जास्त, आणि तेवढा काळ माती एकसारखी ओली राहायला हवी. तुमच्या गच्चीवर ती राहत नाही. फोडून काढलेली बी मात्र आठवड्या-दहा दिवसांत कोंब काढते.

फोडायला अडकित्ता घ्या. बत्ता मारला की आतल्या बीचा चुरा होतो. बी अडकित्त्यात उभी धरून कडेच्या शिवणीवर हळूहळू दाब द्यायचा, कट्ट आवाज आला की थांबायचं. पहिल्या दोन-तीन वाया जातील, मग हात बसतो.

पण त्याआधी मिठाचं पाणी करा. एक लिटर पाण्याला १७०-१८० ग्रॅम मीठ. त्यात बिया टाका. तरंगतील त्या पोकळ, फेकून द्या. बुडतील त्या साध्या पाण्याने स्वच्छ धुवा आणि दिवसभर साध्या पाण्यात भिजवून मग फोडा.

माती_आणि_मी | ९ एप्रिल

बुरशीचं कारण टिश्यू पेपर नाही, बीला चिकटून राहिलेला गर. गरात साखर, वर ओल, वर झाकण बंद. बुरशीला आणखी काय हवं? बिया राखेत चोळून धुवायच्या, म्हणजे गराचा बुळबुळीतपणा जातो. पपईच्या बीलाही हेच: तिच्यावरचा बुळबुळीत पापुद्रा काढला नाही तर उगवण रखडते.

कागदाऐवजी सुती फडकं वापरा. घट्ट पिळल्यावर एक थेंबही पडणार नाही इतपतच ओलं. पुरचुंडी माठाजवळ सावलीत ठेवा आणि रोज उघडून वारा द्या.

कोयांचं विसरा. आंबा, जांभूळ, फणस यांच्या बिया वाळल्या की मेल्या. फळ खाल्लं की काही दिवसांत कोय मातीत जायला हवी, वर्षभर जपलेली कोय म्हणजे लाकूड. बोर आणि सीताफळ त्या बाबतीत गरीब, वाळवून ठेवलेल्या बियाही पुढच्या हंगामात उगवतात. सीताफळाला महिना-सव्वा महिना धीर धरावा लागतो एवढंच.

पुणेरी_कुंडी | १० एप्रिल

जळगावकर जमलेच आहेत तर विचारतो, केळ्याचं बी कुठे मिळेल? बाल्कनीत लावायचं आहे.

बांधावरचा | १० एप्रिल

भाऊ, आमच्याकडे केळीचं बेणं म्हणजे कंद किंवा टिश्यू कल्चरचं रोप. खायच्या केळ्यात तुम्हाला जे काळे ठिपके दिसतात ते न झालेल्या बियांचे अवशेष, ते उगवत नाहीत. आणि बाल्कनीत केळ? खालच्या मजल्यावरच्यांना आधी विचारा.

तापीकाठ_चोपडा | १० एप्रिल

बी कशी उगवायची ते सगळ्यांनी सांगितलं. ताईंचा दुसरा प्रश्न तसाच राहिला आणि खरा प्रश्न तोच आहे.

बीपासून आलेली बोर आईवर जाईलच असं नाही. फुलाला परागकण कुठल्या बोरीचे लागले, माशी कुठून आली, कोण सांगणार? खळ्याच्या आसपास रानबोरी असणारच. तीन-चार वर्षं पाणी घालून शेवटी आंबट, बारीक, नुसती बी असलेली बोरं आली की माणूस पस्तावतो. म्हणून चांगल्या बोरीचा डोळा (काडीवरची कळी, सालीसकट काढलेली) घेऊन गावठी बोरीच्या खुंटावर (मुळं असलेल्या खालच्या झाडावर) भरतात, म्हणजे सालीत बसवतात. आता तर मेहरूणलाच जुनी झाडं शोधावी लागतात, तेव्हा तुमची जात टिकवायची धडपड मला समजते. पण बी हा तिचा रस्ता नाही.

मला सांगा, झाड मुळासकट काढलं की नुसतं तोडलं? बोर तोडून मरत नाही. दरवर्षी उन्हाळ्यात आम्ही तिची छाटणी करतोच, तरी पावसाळ्यात ती फणफणून येते. बुंधा असेल तर त्याला फुटवे आले असतील. जाऊन बघा.

गच्चीवाली_जळगाव | १० एप्रिल

अगं बाई! हे डोक्यातच आलं नव्हतं. तोडल्यापासून मी रागाने तिकडे फिरकलेच नाही. वहिनीला फोन लावते.

गच्चीवाली_जळगाव | २७ एप्रिल

दोन बातम्या.

पहिली: मिठाच्या पाण्यात पंचवीसपैकी सहा तरंगल्या. एकोणीस फोडल्या, त्यातल्या पाचांचा चुरा केला (अडकित्ता सासूबाईंचा, त्यांची बोलणीही खाल्ली). चौदा कवचांतून सतरा बिया निघाल्या! फडक्यात सहाव्या दिवशी पहिला कोंब. आज अकरांना कोंब आहेत.

दुसरी: बुंधा आहे. गुडघाभर उंच ठेवून कापलाय आणि चारी बाजूंनी वीतभर फुटवे आलेत. पण फुटवे दोन तऱ्हेचे दिसतात. खाली जमिनीलगतचे काटेरी, पानं बारीक गोल. वरचे जरा मोठ्या पानांचे. हे काय प्रकरण?

तापीकाठ_चोपडा | २७ एप्रिल

प्रकरण असं की तुमच्या आजोबांनी बी लावली नव्हती. गावठी खुंटावर मेहरूणचा डोळा भरला होता. खालचे फुटवे खुंटाचे, म्हणजे गावठी. वरचे तुमच्या बोरीचे. बुंध्यावर वीतभर उंचीवर गाठीसारखा फुगवटा किंवा सालीचा पोत बदललेला दिसेल, तोच सांधा. कापणाऱ्याने सांध्याच्या वर कापलं हे तुमचं नशीब.

आता करायचं एवढंच: खालचे फुटवे सगळे खुडून टाका, नाहीतर ते वरच्यांचं अन्न खातील. वरचे तीन-चार जाडसर ठेवा. आणि बुंधा जुलैपर्यंत, म्हणजे त्याचे डोळे दुसऱ्या खुंटावर भरेपर्यंत, राहू द्या म्हणून भावाला सांगा, गोडीत.

बांधावरचा | २८ एप्रिल

कोंब आलेल्या बिया बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल लावा, उथळ कुंडीत नको. बोरीचं सोटमूळ पान फुटायच्या आधीच खाली धावतं. लांब प्लास्टिक पिशवी घ्या, गाळाची माती, शेणखत आणि वाळू समभाग. नुसती काळी माती नको, वाळली की चिरते आणि मूळ तुटतं. दुपारच्या उन्हात सावली करा.

पण यंदा जुलैत ही रोपं डोळा भरण्याइतकी, म्हणजे पेन्सिलीएवढी जाड होतील असं धरून बसू नका. बांधावर जुनी रानबोर असेल तर ती मेमध्येच जमिनीपासून फूटभरावर कापून ठेवा. पावसाच्या तोंडावर जोमदार फुटवे येतील, त्यातले दोन-तीन ठेवा. डोळा त्यांच्यावर भरा. मुळं आधीच खोल असल्याने वाढ झपाट्याने होते.

गच्चीवाली_जळगाव | १४ जुलै

वहिनीने कमाल केली. बुंध्याभोवती काट्या लावून ठेवल्या होत्या आणि भावाला सांगितलं, ट्रॅक्टर दोन हात लांबून ने. बांधावरची बोरही कापून तयार आहे. डोळा भरणारे आप्पा गावातच सापडले. काय सोबत न्यायचं, काय बघायचं?

तापीकाठ_चोपडा | १४ जुलै

बुंध्याच्या वरच्या फुटव्यांची काडी सकाळी कापा. पानं लगेच छाटा, पण देठ ठेवा. ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी वापरा. साल चाकूने सहज सुटत असेल तरच भरा, पाऊस झाल्यावर सुटते. पट्टी बांधताना डोळा उघडा राहिला पाहिजे. आप्पांना हे सांगावं लागणार नाही, तुम्ही नुसतं बघा आणि शिकून घ्या.

दोन-तीन आठवड्यांनी देठाला बोट लावा. अलगद गळून पडला तर डोळा धरला. वाळून घट्ट चिकटून राहिला तर गेला.

गच्चीवाली_जळगाव | ४ ऑगस्ट

चार डोळे भरले होते. आज गेले. दोन देठ काळे पडून चिकटलेले. तिसरा हात लावताच गळाला. चौथ्याला हात लावायची वेळच आली नाही, देठ आधीच पडला होता आणि डोळ्यातून हिरवं टोक बाहेर आलंय.

पिशवीतली रोपं आठ उरलीत, गेलेल्यांपैकी एक खारीने खाल्लं असं मला वाटतं, सासूबाई म्हणतात मी पाणी जास्त घातलं. पट्टी कधी सोडू?

बांधावरचा | ४ ऑगस्ट

अजून आठ-दहा दिवसांनी. मग डोळ्याच्या वर वीतभर ठेवून खुंट कापा आणि खालून येणारा प्रत्येक गावठी फुटवा खुडत राहा. आणि आधी शेळ्यांचा बंदोबस्त करा. बोरीचा कोवळा शेंडा दिसला की शेळी अख्खं शिवार सोडून तिथे येते.