मदत हवी आहे: टू-स्ट्रोकचं इंजिन नवीन केलं, पण १५ किमीवर धरतं (जाम होतं)

मंडळी, वडिलांची १०० सीसी टू-स्ट्रोक गाडी मागच्या आठवड्यात पूर्ण खोलून बांधली. बोअर करून ०.५० मिमी ओव्हरसाइजचा पिस्टन, नव्या रिंगा, क्रँकचे बेअरिंग, दोन्ही ऑइल सील बदलले. एका किकमध्ये चालू होते, आवाजही गोड.

पण साधारण १५ किमी गेलं की गाडी जड होते, पिकअप जातो, एकदा तर चढावर धरलीच. क्लच दाबला म्हणून पडलो नाही! थंड झाल्यावर परत चालू. प्लग पांढराफटक. ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस पटकन उतरत नाही, आणि चोक अर्धा ओढला की बरी चालते. म्हणजे कुठूनतरी हवा ओढतेय असं वाटतं. चालू इंजिनवर मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर ते इंजिन जोडणाऱ्या नळीच्या) रबराभोवती कार्ब क्लीनरचा स्प्रे मारला, फरक शून्य. धूर जास्त नाही, गिअर ऑइलही कमी झालेलं नाही, म्हणून क्लचकडचं सील ठीक असावं. संशय मॅग्नेटकडच्या, म्हणजे क्रँकच्या दुसऱ्या टोकाच्या सीलवर.

मेस्त्री म्हणतात, "नवीन बोअर आहे, घट्ट आहे, चालवून मोकळं होईल." मला पटत नाही.

ऑइल पंपाची हवा काढली आहे, तरी भीतीपोटी टाकीतही लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) टाकतोय. यानेच मिश्रण आणखी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होत असेल का?

इंजिन परत न खोलता मॅग्नेटकडचं सील कसं तपासायचं? आणि पहिले ५०० किमी ४० च्या आत चालवू, की मधूनमधून थोडं खेचून सोडू? अनुभवी लोकांनी सांगा. तोवर गाडी स्टँडवरच आहे.