भुयारात गाडी सोडली म्हणजे माणसाचा जीव वाचला का?

गढीवरचा:
परवा इथे एका पोराची पोस्ट फिरत होती. भंगारातल्या वायपर मोटरी, पीव्हीसी पाइपचा सांगाडा, जुन्या मोबाइलचा कॅमेरा, खेळण्यातला रिमोट. ही गाडी त्याने एका पडक्या गढीच्या भुयारात सोडली. पहिल्याच वळणावर चित्र गेलं. तेवढ्यावर त्याने जाहीर करून टाकलं की आता भुयारात माणूस उतरवायची गरज संपली, सरकारने देवगिरी किल्ला आणि नहर-ए-अंबरी, म्हणजे औरंगाबादची जुनी जमिनीखालची पाणीपुरवठ्याची नहर, आमच्यासारख्यांच्या हवाली करावी. खाली नुसत्या टाळ्या.

पोस्टची शेवटची ओळ कुणी वाचली का? मित्र आत सरपटत गेला आणि गाडी ओढून आणली म्हणे. ज्या भोकात माणसाने जाऊ नये म्हणून गाडी केली, त्याच भोकात गाडीसाठी माणूस गेला. गाडी नसती तर तो कशाला तडमडायला गेला असता? यंत्र अडकलं की त्यात घातलेले पैसे डोळ्यांपुढे येतात आणि पोरं आत शिरतात. घरगुती रोबोचं खरं दुखणं हे आहे.

राहिली देवगिरी. तिथल्या अंधारी नावाच्या भुयारी वाटेतून रोज शाळांच्या सहली वटवाघळांच्या वासाने नाक धरून वर जातात. त्यात नवीन शोधायचं काय? नहर मलिक अंबरने बांधली तेव्हाच साफसफाईला उतरायची तोंडं ठिकठिकाणी ठेवली होती. आज त्यातली कित्येक कचऱ्याखाली आणि घरांखाली गेलीत. रोबोला आत काय दिसणार? कचरा. तो वरूनही दिसतो.

वायपरवाला:
मीच तो 'पोरगा'. डिप्लोमा झालाय माझा. चित्राचा 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल दगडातून जात नाही, वळणावर मरतो, हे मलाबी कळतं. पुढच्या वेळी तार लावणार. तारेतूनच करंट, तारेतूनच चित्र, अडकली तर दोर धरून मागं ओढायची.

आन् घरगुती म्हणून नाक मुरडू नका. 1993 ला रुडॉल्फ गँटेनब्रिंक या जर्मन इंजिनिअरने इजिप्तमध्ये खुफूच्या पिरॅमिडमधल्या वीतभर बोळात छोटी गाडी चढवली. शेवटी तांब्याच्या दोन पिना बसवलेला दगड दिसला. माणूस तिथं जन्मात पोचला नसता. मेक्सिकोत तेओतिवाकानच्या मंदिराखालच्या बोगद्यात 2013 ला रोबोनेच पुढच्या तीन खोल्या दाखवल्या. तिकडं कौतुक, इकडं शिव्या.

गढीवरचा:
गँटेनब्रिंक जर्मन पुरातत्त्व संस्थेच्या कामावर होता, कुणाच्या पडक्या भिंतीवरून उडी मारून आला नव्हता. पुढचंही सांगा की. 2002 ला दुसऱ्या रोबोने त्या दगडाला भोक पाडलं तर मागे निघाला अजून एक दगड! देवगिरी केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. आधी 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा वाचा, मग किल्ला मागा.

बोगदा_मुकादम:
मी बोगद्याच्या अस्तरीकरणावर काम केलंय, म्हणून बोलतो. यंत्राचं लई कौतुक नको. उत्तराखंडात सिलक्याऱ्याच्या बोगद्यात 2023 ला 41 जण 17 दिवस अडकले होते. आडवं भोक पाडणारं ऑगर मशीन लोखंडात अडकून मोडलं, आणि शेवटचे काही मीटर हातानं खणणाऱ्या, रॅट होल मायनर म्हणतात त्या लोकांनी काढले. शेजारी तेलंगणात श्रीशैलम डाव्या कालव्याचा (एसएलबीसी) बोगदा 2025 च्या फेब्रुवारीत कोसळला. तिथं रोबो आणले, कुत्री आणली. आठातला एकबी जिवंत निघाला नाही.

वायपरवाला:
सिलक्याऱ्याचं अर्धंच सांगलालाव. हातानं खणायच्या आधी सहा इंची पाइपातून कॅमेरा गेला होता. आतली माणसं धड आहेत हे जगाला त्यानंच दाखवलं. मी तरी वेगळं काय म्हणलालोय? आधी डोळा जाऊ दे, मग माणूस.

कळंबची_लेक:
तुमची पिरॅमिडं राहू द्या. आमच्या चुलतसासऱ्यांना पेवानं नेलं. ज्वारीचं पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, वर्षभर बंद. तोंड उघडून दिवसभर वारं लागू द्यायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण व्यापारी टेम्पो घेऊन दारात उभा होता. ते उतरले, मागोमाग गडी उतरला. गडी वाचला, ते नाही. खजिन्याच्या भुयारात कुणी मरत नाही हो. मरतात पेवात, आडात.

निवृत्त_मास्तर:
ताई, वाईट झालं. पण यासाठी रोबो कशाला? आमचे वडील आडात कंदील सोडायचे. विझला तर उतरायचं नाही. फुकटचं शास्त्र आहे ते.

सोल्डरिंग_नांदेड:
मास्तर, हेच शास्त्र पोरांना शिकवलं का? हवेत प्राणवायू 21 टक्के असतो, कंदील 16 च्या आसपास विझतो. पेवातलं धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपवतं, तिथं कंदील काम करील. पण विहिरीत डिझेल इंजिन उतरवून उपसा केला असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यात कंदील मजेत जळतो आणि माणूस पडतो. मैल्याच्या टाकीत मिथेन असला तर तुमचा कंदीलच भडका करील.

निवृत्त_मास्तर:
अडतीस वर्षं शिकवलंय. तुमच्यासारखे शहाणे त्यातूनच निघाले.

वायपरवाला:
म्हणूनच पुढच्या गाडीवर कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा एमक्यू-7 सेन्सर बसवलालो. दोन-अडीचशेत मिळतो.

सोल्डरिंग_नांदेड:
आणि तो बघून माणूस उतरवणार? एमक्यू-7 तापायला वेळ घेतो, दमट हवेत आकडा हलतो, आणि प्राणवायू किती आहे ते तर सांगतच नाही. प्रोजेक्टला मार्क मिळतील, जीव टांगू नका त्यावर. उतरायचं असेल तर प्राणवायू आणि विषारी, जळणारे वायू असे चार वायू एकदम मोजणारा मीटर पाहिजे. तो महाग आहे, म्हणून कुणी घेत नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

परभणीचा_कामगार:
मीटर, कंदील, पिरॅमिड. सोनपेठ तालुक्यात 2023 च्या मे महिन्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच माणसं गेली. ती कुणाच्या चर्चेत नाहीत. हाताने मैला साफ करायला लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. केरळच्या पोरांनी 2018 ला मॅनहोल साफ करणारा बँडिकूट रोबो आणला. तोबी चार मित्रांनी सुरू केलेला उद्योगच. भुयारात रोबो पाहिजे, कारण तिथं तुमचं पोरगं जातं. टाकीत आमचं जातं, तिथं बादली चालते.

निवृत्त_मास्तर:
विषय भुयाराचा चालला होता.

परभणीचा_कामगार:
विषय जिवाचा चालला होता. वर शीर्षक बघा. तुम्हाला वास आला म्हणून विषय बदलायचा का?

बोगदा_मुकादम:
मास्तर, बसा खाली. बरोबर बोलला तो.

गढीवरचा:
कामगार भाऊंचं मान्य, आणि ते या पोराच्या तोंडावर मारण्यासारखं आहे. गाडी करायचीच होती तर टाकीसाठी करायची. पण टाकीचा व्हिडिओ कोण बघणार? आता मूळ राग सांगतो. ती गढी आमची आहे. व्हिडिओ आल्यापासून रात्री टिकाव घेऊन माणसं येतात. पश्चिमेच्या बुरुजाखाली कंबरभर खड्डा केलाय, त्यात लिंबू-कुंकू. गुप्तधनवाल्यांना या गाडीने रस्ता दाखवला.

वायपरवाला:
तुमचीच का? मग विचारतो. घराच्या माळवदावर टाकायला गढीची पांढरी माती गाडीबैलानं नेली ती कुणी? बुरुज निम्मा झाला तो माझ्या व्हिडिओनं? अख्ख्या भावकीनं विकला, आता लिंबू दिसलं की वारसा आठवला. जागा कुठली हे मी लिहिलंबी नव्हतं. कमेंटमध्ये गावाचं नाव तुमच्याच पुतण्यानं टाकलंय, जाऊन बघा.

गढीवरचा:
पुतण्याचं मी बघतो. माती पूर्वी सगळ्या गावाने नेली, तुमच्या आजोबांच्या माळवदावरही तीच असेल.
असो. तार लावणार म्हणता ना? मग दिवाळीनंतर या, आतलं पाणी उतरल्यावर. दिवसा, मला सांगून. मागे दोर बांधा. आत एकही माणूस जाणार नाही. गाडी अडकली तर ती गढीची झाली. आणि व्हिडिओ टाकायचा नाही.

वायपरवाला:
वा, मोठे उपकार. व्हिडिओ नाही तर येऊन करू काय, रांगोळी काढू? जागा ओळखू येणार नाही असा कापून टाकीन. बाकी अटी मान्य.

कळंबची_लेक:
तुमचं मिटलं असेल तर एक विचारते. ही गाडी पेवात उतरते का? तोंड जेमतेम दीड हात आहे.

वायपरवाला:
उतरते, पण ताई, पेवात गाडीचं कामच नाही. सरळ खाली तर जायचंय. मीटर दोरीला बांधून सोडा, थोडा वेळ तळाशी राहू द्या, वर ओढून बघा. मीटर मात्र सोल्डरिंगवाले सांगतात तोच.

सोल्डरिंग_नांदेड:
आणि त्यात विषारी वायूचा सगळ्यांत जास्त आकडा किती गेला ते साठवायची सोय आहे का ते बघून घ्या. नाहीतर वर येईपर्यंत आकडा बदलतो. प्राणवायूचा मात्र सगळ्यांत कमी आकडा बघायचा.

परभणीचा_कामगार:
गावात एक मीटर ग्रामपंचायतीनं घेतला तर? पेवाला, आडाला, टाकीला, सगळ्यांना चालतो.

निवृत्त_मास्तर:
घेतील. आणि सरपंचाच्या कपाटात राहील.