कॉलेजातली समुपदेशकाची खोली, पथनाट्यं वगैरे : तुमचे अनुभव

घाटावरची
काल लेकीच्या ॲडमिशनला गेले होते. जिन्यात टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फलक, १४४१६, चोवीस तास, फुकट. तो बघून आमचं कॉलेज आठवलं. समुपदेशक बाईंची खोली फी भरायच्या खिडकीला चिकटून. आत शिरायचं तर अख्ख्या रांगेसमोरून! दार ढकललं की मागून "हिला काय झालं गं?" बाई फार चांगल्या होत्या म्हणे. मी कधी आत गेलेच नाही. तुमच्याकडे काय होतं? लिहा.

डफलीवाला
आमच्याकडे १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनाला पथनाट्य. काळे कुडते, डफ, मध्ये एक जण डोकं धरून बसलेला, बाकीचे भोवती गरागरा. पुढच्या वर्षी विषय व्यसनमुक्ती. डोकं धरणारा तोच.

नीरा_सासवड
@डफलीवाला 😂 तोच आता आयटीत असेल, अजून डोकं धरून.

कोथरूडकर मावशी
मेंदूचं चालेल का? टीवायला मैत्रिणीला वर्गात फीट आली. एक जण चप्पल घेऊन धावला, एकीने डब्यातला कांदा काढला, कुणीतरी दातांत चमचा घालायला निघालं. प्रॅक्टिकलच्या सरांनी सगळ्यांना मागे ढकललं, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी ठेवली आणि घड्याळ बघत बसले. तोंडात काहीही घालायचं नाही, ५ मिनिटांच्या वर गेली तर १०८, एवढंच बोलले. मग चप्पलवाल्याला म्हणाले, "पायात घाल." आठवडाभराने ती परत आली तेव्हा तिच्या बाकावर बसायला कुणी तयार नव्हतं, तेव्हाही सरच बोलले. असलं शिकवा की मुलांना, फुगे कसले सोडता!

स्टाफरूम
मी शिकवतो, म्हणून दुसरी बाजू. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक समुपदेशक हवा. त्यानंतर आमच्याकडे पाटी लागली, माणूस यायला वेळ लागला. पण @घाटावरची, तुमचं अगदी बरोबर. खोली ऑफिसजवळ होती तोवर कुणी फिरकत नसे. लायब्ररीच्या मागच्या दारापाशी हलवली, तर आता मुलं बाहेर पुस्तक उघडून बसतात, वाचतंय कोण ते कळतच नाही. अजून एक, ॲटेंडन्स कमी म्हणून मुलाला तिकडे 'पाठवणं' बंद करा हे मी मीटिंगमध्ये सांगतो. शिक्षा झाली की संपलं.

रात्रपाळी
@स्टाफरूम +१. नॅक (कॉलेजला ग्रेड देणारी कमिटी) येणार म्हणून आमच्याकडे त्या खोलीत सोफा आला. नॅक गेली, सोफा प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये.

सदाशिव_पेठी_पाहुणा
कॉलेजवाल्यांना खोली तरी आहे. आम्ही एमपीएससीवाले, दिवसभर अभ्यासिकेत, ना हजेरी ना मस्टर. चार दिवस दिसलो नाही तरी कुणाला कळू नये. आमच्या मेसवाल्या काकूंना मात्र कळतं. लागोपाठ दोन ताटं चुकली की खोलीवर पोरगा पाठवतात, "काकूंनी बोलावलंय, आजच या." निकालाच्या आठवड्यात तर वहीच उघडून बसतात. माझा रूममेट असाच उठून जेवायला आला, मग ससूनच्या मानसोपचार ओपीडीला मी त्याच्यासोबत गेलो. आता बरा आहे, गोळ्या चालू आहेत, प्रिलिम देतोय.

घाटावरची
अरे दादा, काकूंना नमस्कार सांग.

कोथरूडकर मावशी
त्यांच्याकडे जागा आहे का रे? भाचा येतोय लातूरहून.

सदाशिव_पेठी_पाहुणा
विचारतो मावशी. रविवारी रात्री बंद असते पण, आणि पोळ्या मोजून.