फ्रॅट नसलेल्या कॉलेजातली मजा: तुमचे अनुभव लिहा

निळीशाई
काल भाचीचा फोन आला. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात अ‍ॅडमिशन झाली, घरी पेढे वाटून झाले आणि पोरगी रडवेली. मैत्रिणी म्हणे सांगतात, तिथे फ्रॅट (पारखून सभासद घेणारे मुलांचे क्लब) नाहीत, सोरोरिटी (तसेच मुलींचे) नाहीत, चार वर्षं नुसती पुस्तकं घेऊन बस! मी पीएचडी तिथेच केली (२००४ ते २००९). फोन ठेवला आणि डोळ्यांपुढे मार्च महिना उभा राहिला.

बीअर बाइक म्हणजे तिथली दरवर्षीची सायकल-शर्यत. तिच्या आधीची रात्र. टीए म्हणून ज्यांना शिकवायचे ती मुलं मला ओढून घेऊन गेली. अंगणात नळ, मोठाले पिंप आणि फुगे भरणारी पोरंच पोरं. गाठी मारून मारून माझ्या तर्जनीचं कातडं सोललं. शेजारी पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता, लॅबमध्ये सबंध सत्र मान वर न केलेला. तो म्हणतो, "द्या इकडे, तुमची गाठ सुटतेय." सकाळी ते सगळे फुगे एकमेकांच्या अंगावर. मग सायकलची रिले. दहा सायकलवाले, दहा पिणारे. पिणाऱ्याचा ग्लास रिकामा झाल्याशिवाय पुढची सायकल हलत नाही. बिअरच हवी असं नाही, पाणी चालतं.

तिथे मूल यायच्या आधीच त्याला एक रेसिडेन्शियल कॉलेज (राहण्या-जेवणाचं घरच म्हणा) नेमून दिलेलं असतं. १९५७ पासूनची पद्धत. माझ्या वेळी नऊ होती, मॅकमर्ट्री आणि डंकन २००९ ला आली. तुम्हाला कुणी पारखत नाही, पंगतीत तुमचं पान मांडलेलंच असतं. हे मला भाचीला नीट सांगता आलं नाही. तुम्ही लिहा, तिला वाचायला देते.

सांगलीकर
माझं उलट. मोठं विद्यापीठ, नाव नको. पहिल्याच शनिवारी आम्ही तिघं देशी नवे शर्ट घालून एका फ्रॅटच्या दारात. दारावरच्याने विचारलं, बरोबर मुली किती? एकही नाही म्हटल्यावर बाजूला व्हायला सांगितलं. पाऊण तास उभे होतो. परत येऊन मॅगी केली. आईला फोनवर सांगितलं, पार्टी छान झाली.

कोरीवाट
@सांगलीकर पोटात तुटलं वाचून. आईला नंतर कधी सांगितलंत का?

सांगलीकर
नाही हो. ती गेली २०१६ ला.

कोरीवाट
🙏

ओवीची_आई
माझी लेक यंदा बारावीला, म्हणून विचारते. फ्रॅट नाहीत म्हणजे दारू नाही असं थोडंच असतं? रात्री पोरीला काही झालं तर बघतं कोण?

डबलशिफ्ट
@ओवीची_आई मी राइसलाच बीएस केलं, लेकाला झोपवता झोपवता लिहितोय. दारू असते, खोटं कशाला बोलू. पण पार्टी एखादं कॉलेज देतं आणि ती सगळ्या कॅम्पसला खुली. त्या रात्री न पिता ड्यूटी करणारी मुलं नेमलेली असतात, त्यांना केअरगिव्हर म्हणतात. मी दोनदा केलीय. एका मुलीला पाणी पाजत पायरीवर दोन तास बसलो, मग तिच्या रूममेटच्या हवाली केली. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

आणि ओ-वीकचा, म्हणजे नव्या मुलांच्या स्वागताच्या आठवड्याचा, पहिला दिवस! गाडीतून उतरायच्या आत सीनियर माझ्या नावाने ओरडत धावत आले. आईच्या हातातली लोणच्याची बरणीसुद्धा काढून घेतली आणि चौथ्या मजल्यावर पोचवली. बाबा नुसते बघत राहिले. त्या हाकेसाठी मी आयुष्यभर त्या लोकांचा ऋणी आहे.

ओवीची_आई
बरणी फुटली नाही ना?

डबलशिफ्ट
नाही. आठवड्यात संपली. अख्ख्या मजल्याने खाल्लं.

जुनापत्ता
मी १९८४ ला राइसला एमएसला गेलो. टेक्सासात तेव्हा पिण्याचं वय १९ होतं, १९८६ ला २१ झालं. त्याआधी पोरं-प्रोफेसर कॅम्पसवरच्या विलीज पबमध्ये एकत्र बसत. वय वाढल्यावर टेबलं बदलली. आम्ही ग्रॅजुएटवाले वल्हाला नावाच्या बारला जायचो. केमिस्ट्रीच्या इमारतीचं तळघर, बारमागे पगाराशिवाय काम करणारी आपलीच पोरं. मी कधी दारू प्यायलो नाही, तरी दर शुक्रवारी तिथेच. बायको अजून भारतात होती आणि खोलीवर घड्याळाची टिकटिक ऐकवत नसे.

गारवेल
@जुनापत्ता काका, शेवटची ओळ दोनदा वाचली.
मी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकची. तिथेही फ्रॅट नाहीत, राइसच्या कॉलेजांसारखी हाउस आहेत. डिच डे कधी ते शेवटच्या दिवसापर्यंत गुपित. त्या दिवशी सीनियर कॅम्पस सोडून जातात आणि धाकट्यांसाठी कोडी मागे ठेवतात. आमचं दुपारी तीनपर्यंत सुटेना. अंगाला रंग लागलेला, पोटात कावळे. थेंबभर न पिता इतकी हसले तो माझा पहिला दिवस असेल. बाकी सविस्तर रात्री लिहिते, कुकर झाला.

आजोळ
फुग्यांवरून आठवलं. आमच्याकडे कोल्हापुरात रंगपंचमीला मामा फुग्याचं तोंड दोन बोटांवर गुंडाळून गाठ मारायचा, एका झटक्यात. कातडं सोलत नाही. @निळीशाई भाचीला आत्ताच शिकवून ठेवा.

निळीशाई
@आजोळ दोन बोटांवर म्हणजे कसं? तर्जनी-मधलं? आत्ता करून बघितलं, निसटतंय.

आजोळ
फुगा आधी ओला करा. आणि मानेपर्यंत भरू नका, दोन बोटं जागा सोडा.

जुनापत्ता
भाचीकडे गाडी नसेल तर डाळ-तांदळाची काळजी नको म्हणावं, ह्यूस्टनमध्येच हिलक्रॉफ्टला, देशी दुकानांच्या भागात, आपलं सगळं मिळतं. आमच्या वेळी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गाडीत पाच जण कोंबून जायचो. एकाच्या मांडीवर वीस पौंड तांदूळ.

निळीशाई
जमली! ओल्या फुग्याला पहिल्याच झटक्यात बसली गाठ. व्हिडिओ काढून भाचीला पाठवला. तिचं उत्तर आलं: "मावशी, अजून एकदा हळू कर."