नोव्हेंबरची देऊळवारी: सोबत चिकू

सहल समिती
मंडळी, नमस्कार. फराळाचे डबे रिकामे झाले असतील, तर आता पाय मोकळे करू. नोव्हेंबरमधल्या एका रविवारी शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवळाची पायी सहल काढतोय. माहिती सांगायला तोक्योतल्या निशिकासाईच्या आपल्या काकू, सोबत त्यांचा शिबा कुत्रा चिकू. तोक्योतलं मोठं देऊळ मेइजी जिंगू ठरवतोय, हाराजुकू स्टेशनला उतरलं की समोरच. हरकत असल्यास कळवा.

काकू (निशिकासाई)
हरकत आहे! मेइजी जिंगूत पाळीव प्राण्यांना मनाई आहे. चिकूला बाहेर कुणाकडे सोपवून मी आत काय डोंबल माहिती सांगणार? बऱ्याच मोठ्या देवळांत हीच रीत. शिंतोत सोवळंओवळं फार, तेव्हा त्यावर रुसण्यात अर्थ नाही.

इसेच्या प्रसिद्ध शिंतो देवळातसुद्धा कुत्रा आत नेता येत नाही, दाराशी पहारेकऱ्यांच्या चौकीत ठेवावा लागतो. आणि एदो काळात (१६०३ ते १८६८) याच इसेला लोक कुत्र्यांना यात्रेला पाठवत! मालक आजारी असला, प्रवास झेपत नसला, की कुत्र्याच्या गळ्यात पैशांची थैली बांधून रस्त्याला लावायचं. वाटेतले यात्रेकरू त्याला खाऊपिऊ घालत, पुढच्यांच्या हवाली करत, आणि कुत्रा देवळातला मंतरलेला कागद घेऊन घरी येई. त्यांना ओकागे-इनू म्हणत. चित्रकार हिरोशिगेने काढलेल्या तोकाइदो या जुन्या हमरस्त्याच्या चित्रांतही असा एक कुत्रा आहे.

तेव्हा तोक्योच्याच पश्चिमेला मिताकेला चला. ९२९ मीटरचा डोंगर, माथ्यावर मुसाशी मिताके जिंजा हे शिंतो देऊळ. तिथे कुत्रा नुसता चालवून घेत नाहीत, त्याच्यासाठी पुजारी प्रार्थनाही करतात. कारण तिथला रक्षक लांडगा, ओइनुसामा. पुराणातला राजपुत्र यामातो ताकेरु धुक्यात वाट चुकला तेव्हा पांढऱ्या लांडग्याने त्याला बाहेर काढलं, म्हणून त्याने लांडग्याला डोंगर राखायला ठेवलं, अशी कथा आहे. म्हणजे त्या डोंगरावरचा पहिला वाटाड्या चारपायीच! काळ्या लांडग्याचं चित्र छापलेला कागद लोक दारावर लावतात. चोर आणि आग दूर राहावी म्हणून. खरे जपानी लांडगे मात्र संपले. शेवटचा १९०५ साली नारा भागात मिळाला.

एक सभासद (कावासाकी)
काकू, आमच्या सासूबाई पुण्याहून आल्या आहेत. देवळात कुत्रा म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं.

काकू
दत्ताच्या फोटोत पायाशी चार कुत्रे असतात ना? आणि जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. त्यांना एवढं विचारा, बाकी मी बघते.

दुसरा सभासद
आमचा लॅब्राडोर आणला तर चालेल? रेल्वेने?

सहल समिती
नाही हो. जेआरच्या (जपान रेल्वेच्या) गाडीत कुत्रा पिंजऱ्यातच न्यावा लागतो, पिंजऱ्यासकट १० किलोपर्यंत, आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १२० सेंटीमीटरच्या आत. लॅब्राडोर त्यात बसायचा नाही. स्वतःच्या मोटारीने थेट डोंगराच्या पायथ्याशी ताकिमोतोला या. तिथून केबल कारमध्ये कुत्र्यांना घेतात, त्यांचं वेगळं तिकीट असतं. रेल्वेने येणाऱ्यांनी ओमे लाइनवर मिताके स्टेशनला उतरायचं, पुढे बस.

एक आई
माझी मुलगी कुत्र्यांना घाबरते. ती येऊ शकेल का?

काकू
येऊ दे. चिकू पट्ट्यावर माझ्या डाव्या बाजूला चालतो, तिने उजवीकडे चालावं. चिकूकडे टक लावून पाहायचं नाही, डोक्यावरून एकदम हात फिरवायचा नाही. त्याला हुंगायचं असेल तर हुंगू दे, नसेल तर राहू दे. वर पायऱ्या बऱ्याच आहेत, तिथे तोच आधी दमतो.

तोरिईपाशी, म्हणजे देवळाच्या कमानीपाशी, किंचित वाकायचं, मधली वाट देवाची म्हणून कडेने चालायचं. हात धुवायच्या कुंडात कुत्र्याला तोंड घालू देऊ नका, त्याचं पाणी मी वेगळं घेते. देवासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. मोठ्याने 'जय देव जय देव' सुरू करू नका, काही उत्साही मंडळी आहेत म्हणून आधीच सांगते.

सभासद (कावासाकी)
सासूबाई येताहेत. विचारतात, चिकूला दशमी चालेल का?

काकू
चालेल, पण मीठ-तूप न घालता आणि अगदी छोटा तुकडा. बरोबर थालीपीठ असेल तर ते त्याच्यापासून लांब. कुत्र्यांना कांदा विषारी असतो. माणसांसाठी मात्र भरपूर आणा.